भोंगे नानांची तेरा गाणी

भोंगे नानांनी उभ्या आयुष्यात मनगटाला घड्याळ बांधलं नाही. तरी सुरतेतल्या नवागामच्या आमच्या गल्लीतल्या चाळीस घरांना कानबाईच्या, म्हणजे आमच्या खानदेशी देवीच्या सणाच्या दिवशी वेळ कळायची ती नानांमुळेच. श्रावणातल्या त्या रविवारी सकाळी नाना आपल्या ओट्यावर गाण्यांचं मशीन मांडायचे, गच्चीवर दोन भोंगे बांधायचे आणि पहिलं गाणं लावायचे. त्यानंतर गल्लीतली एकही बाई भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत नसे. पहिली फेरी सुरू झाली की डाळ शिजायला टाकायची. दुसऱ्या फेरीचं पाचवं गाणं लागलं की पुरण उतरवायचं. तिसऱ्या फेरीला रोट लाटायला घ्यायचे. माझी आई असंच करायची, माझी बायको मंगल असंच करते, आणि गॅसच्या शेगड्या आल्या, कुकर आले, तरी यात काडीचा फरक पडला नाही.

गाणी तेरा. त्यांचा क्रम ठरलेला, आणि तेरा वाजून झाली की एक फेरी. खानदेशातून सुरतेला येताना नानांनी एक पत्र्याची पेटी आणली होती. तिच्यात दोन सदरे, एक पोपटी स्वेटर आणि या तेरा गाण्यांच्या कॅसेटी होत्या. पुढे सदरे फाटले, स्वेटरची तर सुरतेत कधी गरजच पडली नाही. गाणी मात्र टिकली. कॅसेटी जाऊन पेन ड्राइव्ह आला तेव्हा नाना उधन्याच्या एका दुकानात दिवसभर ठाण मांडून बसले आणि तीच गाणी, त्याच कॅसेटींवरून, त्याच क्रमाने उतरवून घेऊन आले. दुकानदाराने याच गाण्यांच्या नव्या, स्वच्छ प्रती देऊ केल्या होत्या. नाना म्हणाले, "धुयेल गानं आम्हले नको. आम्हनंच दे."

त्या गाण्यांचा मला लहानपणी फार आदर वाटे. मोठा होऊन जरा शहाणा झालो, आणि शहाणपणाबरोबर माणसाला जे येतं ते मलाही आलं. मला त्यातल्या चुका दिसू लागल्या. दुसऱ्या गाण्यातल्या गायकाला सणसणीत सर्दी झालेली होती. आठव्या गाण्यात मागे कोणीतरी दोनदा खोकत होतं. पाचवं गाणं तर कानबाईचं नव्हतंच. कोणाच्या तरी लग्नातलं विहिणीला चिडवायचं गाणं चुकून त्या कॅसेटवर आलं होतं, पण पंचवीस-तीस वर्षं कानबाईपुढे वाजून ते इतकं सोवळं झालं होतं की ते लागलं की म्हाताऱ्या हात जोडायच्या. आणि तिसऱ्या गाण्यात एका जागी टेप अडकायची. गाणारी बाई "माय" हा शब्द तीनदा म्हणायची. ओळीत तो एकदाच होता, पण आमच्या गल्लीने ते गाणं नानांच्या भोंग्यावरूनच शिकल्यामुळे सगळी गल्ली तिथे "माय माय माय" असंच म्हणते. एका वर्षी पोरांनी दुसऱ्या दिवशीच्या विसर्जनाच्या मिरवणुकीला डीजे आणला. त्याच्याकडे तिसऱ्या गाण्याची निर्दोष प्रत होती. त्या जागी बायका तीनदा "माय" म्हणून बसल्या, गाणं मात्र पुढे निघून गेलं. सगळ्याजणी डीजेवाल्याकडे अशा बघू लागल्या की त्या बिचाऱ्याने घाईने मशीनच बंद केलं. "इसमें मेरी क्या गलती है?" असं तो मला विचारत होता. मी गल्लीतला सुशिक्षित माणूस म्हणून त्याला समजावलं, पण त्याला ते पटलं नाही.

सुशिक्षित म्हणजे काय, तेही सांगतो. पर्वत पाटियाजवळच्या एका कापड मार्केटात मी साड्यांना नावं देतो. हे ऐकून लोक हसतात, पण हा खराखुरा धंदा आहे. नव्या साड्यांची मालिका निघाली की तिचं कॅटलॉग छापतात, आणि कॅटलॉगला नाव लागतं. माझे शेठ दर पंधरवड्याला माझ्या टेबलाशी येऊन म्हणतात, "भाई, कंईक नवुं आपो ने." मी डोळे मिटून काहीतरी नवीन देतो. रूपगंधा, मेघमल्हारी, चांदणवेल. शेठ खूश होतात. दोन महिन्यांनी तो माल संपतो किंवा पडून राहतो, आणि दोन्ही वेळी नाव विसरलं जातं. अशी शेकड्याने नावं मी दिली असतील. मला स्वतःला त्यातली दहा आठवत नाहीत.

अशा माणसाला आपण कवी आहोत असा संशय यायला फार वेळ लागत नाही. मला तो चाळिशीच्या आसपास आला आणि मी कानबाईवर एक गाणं लिहिलं. खोटं कशाला सांगू, लिहिताना मला भरून आलं होतं. खानदेशातून निघून कानबाई माय आपल्या लेकरांच्या मागे सुरतेला येते, अशी कल्पना होती. "तापीकाठी उतरली माय, सुवर्णपावलांनी" असा मुखडा होता. सुवर्णपावलं हे त्या मोसमातल्या आमच्या जरीच्या साड्यांचं नाव होतं, पण ते मी कोणाला सांगितलं नव्हतं. मला एकच गोष्ट हवी होती. हे गाणं कानबाईच्या दिवशी नानांच्या भोंग्यावरून वाजावं, आणि ते त्या तेरांच्या रांगेत जाऊन बसावं. दुसरी कुठली हाव मला नव्हती. म्हणजे होती, पण सुरुवात इथून करायची होती.

मी कागद घेऊन नानांकडे गेलो. नाना सुरतेजवळच्या सचिन गावच्या जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, लूम्सवर मास्तर होते. शंभर मागांच्या खडखडाटात तीस वर्षं काढल्यामुळे त्यांचे कान बरेच गेले होते. त्यामुळे ते स्वतः इतक्या मोठ्याने बोलत की त्यांना भोंग्याची गरजच काय, असा प्रश्न नव्या माणसाला पडावा. कोणतं गाणं चालू आहे हे ते मशीनशेजारच्या स्पीकरच्या लाकडी पेटीवर तळवा ठेवून ओळखायचे. "हाई सातवं," असं म्हणायचे, आणि ते सातवंच असायचं. मी त्यांना माझं गाणं चालीवर म्हणून दाखवलं, डोळे मिटून, तीनही कडवी. डोळे उघडले तेव्हा नाना माझ्याकडे मोठ्या मायेने बघत होते. मला वाटलं, जिंकलं. मग ते म्हणाले, "हां, बोल ना भाऊ. काय काम काढं?"

दुसऱ्यांदा मी ओरडून म्हटलं. या खेपेला सगळ्या गल्लीने ऐकलं आणि नानांनीही ऐकलं. विचार करून ते म्हणाले, "चांगलं शे. नवं शे ना पन? आधी जुनं व्हऊ दे, मंग लावसूत."

कवी झाल्यापासून मी घराबाहेर अहिराणी बोलणं सोडलं होतं. शुद्ध मराठीत मी त्यांना म्हटलं, "नाना, वाजलंच नाही तर गाणं जुनं कसं होणार?"

"ते मी काय सांगू? लोनचं कसं मुरस ते लोनचालेच इचार," नाना म्हणाले आणि वायर गुंडाळायला लागले.

पुढची तीन-चार वर्षं हेच चाललं. आषाढ लागला की मी नानांच्या घरी चहाला जायचो. नाना चहा द्यायचे, घरच्यांची चौकशी करायचे, आणि मी विषय काढला की तेच वाक्य. गल्लीतली पोरं त्यांना वेगळ्या तऱ्हेने छळायची. "नाना, चेंज करो ना, बोर थाय छे," असं ती अर्ध्या हिंदीत, अर्ध्या गुजरातीत म्हणायची. नाना त्यांना म्हणायचे, "तुले बोर व्हस तर तू घर जाय. गानं आठेच ऱ्हाई." पोरं घरी जायची नाहीत. तिसऱ्या गाण्याला तीही तीनदा "माय" म्हणायची.

मी मात्र इरेला पेटलो. उधन्यातल्या एका स्टुडिओत जाऊन मी माझं गाणं रेकॉर्ड करून आणलं. गायक परवडण्यासारखा नव्हता, म्हणून मीच गायलो. स्टुडिओवाल्याने माझा आवाज ऐकून जरा वेळ काचेपलीकडे डोकं धरलं, मग त्यात इतका घुमारा घातला की मी विहिरीत उतरून गातो आहे असं वाटावं. सुरुवातीला दीड मिनिटाची बासरी टाकली. दोन कडव्यांच्या मधेही भरपूर बासरी. एकूण गाणं सात मिनिटांचं झालं. ते मी आमच्या मार्केटात मिठाईबरोबर वाटलेल्या एका पेन ड्राइव्हवर घेतलं. त्याच पेन ड्राइव्हवर नानांची तेरा गाणीही उतरवून ठेवली आणि माझं गाणं चौथ्या आणि पाचव्याच्या मधे बसवलं. मनाशी म्हटलं, मधे घातलं तर कोणाला कळणारही नाही, आणि कळलं तर आवडूनच कळेल.

कानबाईच्या रविवारी पहिली फेरी संपली की नाना आंघोळीला जात. ते आटोपून, नानांच्या मागून सुरतेला आलेल्या थोरल्या भावाच्या घरी जाऊन कानबाई म्हणून पुजतात तो नारळ बघून येत. तो त्यांच्या आजोबांच्या वेळचा नारळ. तोवर मशीनजवळ कोणीतरी बसायचं. त्या वर्षी मी बसलो. नाना आत गेले, मी पेन ड्राइव्ह बदलला आणि दुसरी फेरी सुरू केली. पहिली चार गाणी ठरल्याप्रमाणे झाली. मग बासरी सुरू झाली.  मी गल्लीकडे तोंड करून बसलो, म्हणजे लोक बाहेर येतील तेव्हा मला त्यांचे चेहरे बघता यावेत.

लोक बाहेर आले खरे. माझं पहिलं कडवं संपता संपता आधी एक वास आला. मग समोरच्या दारातून एक बाई हातात डाव घेऊन आली, तिच्या मागून दुसरी, मग तिसरी. घराघरात दुसऱ्या फेरीचं पाचवं गाणं लागायची वाट बघत पुरण शेगडीवर होतं, आणि पाचवं गाणं लागत नव्हतं. "पाचवं कोठे गयं वं माय?" असा एकच गलका झाला. सखूमाय नानांच्या समोरच राहते. तेव्हा तिचे पाय चांगले होते. ती तरातरा येऊन मशीनपाशी उभी राहिली आणि भोंग्याकडे बघून ओरडली, "आरे पाचवं लावा ना! पुरन करपी राहयनं!"

सगळ्यात शेवटी मंगल आली. तिने आधी मशीनकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि बाईमाणसाला नवऱ्याबद्दल जे एका नजरेत कळतं ते तिला कळलं. "तुम्हनं शे का हाई?" तिने विचारलं. मी मान डोलावली. "घर चला मंग. पातेलं घासाले," ती म्हणाली.

सांगायची लाज वाटते, पण त्या क्षणी मला करपलेल्या पुरणाचं काहीच वाटलं नाही. मला लागलं ते वेगळंच. चाळीस घरांच्या डोक्यावरून माझं गाणं वाजत होतं आणि ते एकाही माणसाने ऐकलं नव्हतं. कोणी वाईट म्हटलं असतं तरी चाललं असतं. सगळे पुढच्या गाण्याची वाट बघत होते.

तेवढ्यात नाना ओल्या डोक्याने, पंचा गुंडाळूनच आले. त्यांनी पेटीवर तळवा ठेवला, भुवया वर चढवल्या आणि विचारलं, "हाऊ कोन शे?" ओळखीच्या तेरा माणसांत चौदावा कोणी पाव्हणा येऊन बसावा तसं त्यांनी ते विचारलं. मी म्हटलं, "नाना, माझं गाणं." नानांनी मशीन बंद केलं. आपला पेन ड्राइव्ह लावला, पुढे सारत सारत पाचवं गाणं लावलं आणि बायका घरात पळाल्या. नाना मला रागावतील म्हणून मी उभाच राहिलो. ते रागावले नाहीत. माझा पेन ड्राइव्ह त्यांनी तळहातावर घेऊन उलटासुलटा करून पाहिला. "गानं वाईट नही भाऊ," ते म्हणाले. "कोरं शे. हाई मनाजोडे ऱ्हाऊ दे." आणि तो त्यांनी पंच्याच्या कनवटीला खोचला. वर्गात चिंचा खाताना सापडलेल्या पोराच्या चिंचा मास्तर जप्त करतात, तसाच हा प्रकार आहे असं मी समजलो.

त्या वर्षी कानबाईच्या नैवेद्याला चाळीस घरांतून जरा काळसर पुरण गेलं. ती काही बोलली नाही. गल्लीने मात्र माझं नाव ठेवलं. ज्याने आयुष्यभर साड्यांची नावं ठेवली त्याचं नाव "करपेल" पडलं, आणि माझ्या कुठल्याही कॅटलॉगच्या नावापेक्षा ते जास्त चाललं. दोन वर्षं तर पोरंही मला "करपेल काका" म्हणायची. मग हळूहळू लोक विसरले. मीही गाण्याचं नाव काढणं सोडलं. नानांकडे चहाला जाणं मात्र सुटलं नाही. सवय लागली होती, आणि खरं तर आता तिथे मागायला काही नव्हतं म्हणून जास्त बरं वाटायचं. नाना वायरींना टेप लावत बसायचे. मी टेप कापून द्यायचो. त्यांना ऐकू येत नव्हतं आणि मला सांगण्यासारखं काही नव्हतं, त्यामुळे आमचं छान जमायचं.

एकदा मी त्यांना विचारलं होतं, की तुम्हाला हीच तेरा गाणी का लागतात. ओरडूनच विचारलं होतं. नानांनी हातातली वायर खाली ठेवली. मग म्हणाले, "आठे उनू तवय या गल्लीमा मनं वळखीनं कोनीच नव्हतं. पहिलं गानं लावं आनि समोरना घरमातून एक बाई बाहेर उनी. म्हने, हाई तर आमना गावनं शे. मंग चहा पाजा तिनी." एवढंच. ती बाई म्हणजे सखूमाय. मी त्या उत्तराचा तेव्हा फारसा विचार केला नाही. मला त्यात पुरेसं काव्य वाटलं नव्हतं.

यंदा वैशाखात नाना गेले. चार दिवस अंथरुणाला होते. त्यांनी मला बोलावून घेतलं तेव्हा मशीनची पिशवी त्यांच्या उशाशी होती. त्यात दोन पेन ड्राइव्ह होते, एकाला लाल दोरा गुंडाळलेला, दुसऱ्याला पांढरा. पार दिसेनासे होईपर्यंत दोरा गुंडाळायची नानांची पद्धत होती. आवाज खोल गेला होता. आयुष्यात पहिल्यांदा मला त्यांच्या तोंडाजवळ कान न्यावा लागला.

"लाल दोराना रविवारले. पांढरा दोराना सोमवारले. अदलाबदल करू नको."

मी मान हलवली.

"तुलेच देस. तू सर्व्यास्नं पुरन करपाडेल शे. आते तू परत नही करावू," ते म्हणाले आणि हसले. मग माझा हात धरून म्हणाले, "आनि सोमवारले मिरवनूक गयी म्हनीसन लगेच बंद करू नको. गल्लीमा मानसे ऱ्हातस."

त्याचा अर्थ मला कळला नाही. त्या वेळी विचारावंसंही वाटलं नाही. नानांच्या मयताला अख्खी गल्ली आली होती. मला सारखं वाटत होतं की आता हे उठतील आणि माझ्याकडे बघून म्हणतील, बोल ना भाऊ, काय काम काढं. फार वाईट वाटलं. माझं इतकं लक्षपूर्वक न ऐकणारा दुसरा माणूस मला भेटायचा नाही.

श्रावण आला. रविवारी मी पहाटे उठून नानांच्या ओट्यावर मशीन मांडलं, लाल दोऱ्याचा पेन ड्राइव्ह लावला आणि फेरीमागून फेरी अशी चालवली की गल्लीत एक पुरण लागलं नाही. पाचव्या गाण्याला मी स्वतः उठून उभा राहिलो. मंगलने दारातून मान हलवून पसंती दिली. लग्नाला एवढी वर्षं झाली, पण अशी पसंती मला पहिल्यांदाच मिळाली.

सोमवारी सकाळी विसर्जनाची मिरवणूक. पांढऱ्या दोऱ्याचा पेन ड्राइव्ह लावला. तीच गाणी, तोच क्रम. बायकांनी कानबाई डोक्यावर घेतली, दारोदारी आरत्या झाल्या, तेरावं गाणं लागताच बँड पुढे झाला आणि सगळी गल्ली तापीकडे निघाली. दर वर्षी मी बँडपुढे नाचणाऱ्यांत असायचो. मशीनजवळ नाना एकटे मागे राहायचे, आणि ते तिथे काय करतात हे बघायला मी कधी मागे वळलो नव्हतो. यंदा मी मागे राहिलो. तेरावं गाणं संपता संपता वळणापलीकडे बँडचा आवाज गेला. गल्लीत गुलाल, तुटलेली एक चप्पल आणि उघडी दारं. मी बटणाकडे हात नेला. मग नानांचं आठवलं आणि हात थांबला.

भोंग्यातून बासरी सुरू झाली.

मी ती लगेच ओळखली. दीड मिनिटाची बासरी होती. मी घाईघाईने पेन ड्राइव्हचा पांढरा दोरा नखाने सरकवला. खाली आमच्या मार्केटाचं छापील नाव होतं. नानांनी कोणाकडून तरी माझं गाणं पाचव्या जागेवरून काढून अगदी शेवटी घालून घेतलं होतं, आणि त्या घटनेनंतर दर वर्षी कानबाईच्या सोमवारी, माझी पाठ वळल्यावर, ते रिकाम्या गल्लीत लावत आले होते.  कोणी ऐकायच्या आत बंद करावं म्हणून मी पुन्हा बटणाकडे झेपावलो.

"ऱ्हाऊ दे रे! बंद कसाले करस?"

समोरच्या उंबऱ्यावर सखूमाय बसली होती. पाय गेल्यापासून ती मिरवणुकीला जात नाही. तिच्यापुढे सूप होतं आणि सुपात तांदूळ. "मनं गानं शे ते," ती म्हणाली. "हाई लागनं का मी तांदूय निवडाले लेस. हाई संपनं का समजनं, आपला लोके तापीना रस्ताले लागनात."

पलीकडच्या खोलीत एक बाळंतीण होती. तीही खिडकीतून, मांडीवरच्या पोराला थोपटत, त्या बासरीबरोबर गुणगुणत होती. तिच्या पुढच्या दारात ज्याचा हात लूममध्ये सापडला होता तो माणूस बाजेवर पडून पायाने ठेका धरत होता. नाना म्हणाले होते ती गल्लीतली माणसं ही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पण कवीचा स्वभाव कुठे जातो? मी ओट्यावरून उतरून सखूमायजवळ गेलो आणि अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, "माय, हे गाणं कोणाचं आहे गं?"

"कोननं म्हंजे? जुनं शे," ती म्हणाली. "मनी सासू म्हने. तू तवय पैदा बी नव्हता."

बासरी संपली आणि विहिरीतून येणारा माझा आवाज सुरू झाला. सखूमायला तो कोणाचा आहे याचं काही पडलेलं नव्हतं. मी न राहवून आवाजात आवाज मिसळला. "तापीकाठी उतरली माय, सुवर्णपावलांनी..."

"चुकना तू," सखूमाय सुपावरून नजर न उचलता म्हणाली. "सुवर्न-बिवर्न काही नही त्यामा. थकेल पायस्नी शे. इतली दूरथीन चालीसन उनी ना माय, मंग पाय थकतीनच ना."

 एवढी वर्षं साड्यांना नावं देणाऱ्या माझ्या डोक्यात तो शब्द आला नव्हता, आणि आता ऐकल्यावर दुसरा कुठला तिथे बसेल असं वाटेना.

सखूमायने एक खडा काढून बाजूला टाकला आणि माझ्याकडे संशयाने पाहिलं. "आते मशीन तुनाजोडे शे. पन नवंबिवं काही लावू नको बरं. नाना व्हता तवय एक येडाने लायेल व्हतं. सर्व्यास्नं पुरन करपनं."

"कोण होता तो?" मी विचारलं.

"व्हता कोनी. नाव थोडंच ध्यानमा ऱ्हास?"

मी ओट्यावर परत आलो आणि नानांसारखा पेटीवर तळवा ठेवला. लाकूड थरथरत होतं. सखूमायने दुसरं कडवं धरलं तेव्हा मी तिच्या मागे मागे, तिला ऐकू जाईल इतक्याच आवाजात म्हणू लागलो. पुढचे शब्द माझ्यापेक्षा तिलाच नीट येत होते.